मद्रासच्या महाविद्यालयाचे दार

मे-जून महिने आले की नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या बोलण्याचा विषय एकच होऊन जातो. बदली, बढती, घरभाडे हे नेहमीचे विषय मागे पडतात आणि मुलाला किंवा मुलीला प्रवेश कोठे मिळाला, किती गुणांवर मिळाला, कशामुळे हुकला, यांचीच चर्चा चालते. चेन्नईत हा प्रश्न आपणांस अधिकच टोचतो. (१९९६ पर्यंत या शहरास सरकारी दप्तरात मद्रास म्हणत, जुन्या काळाविषयी लिहिताना आम्ही तेच नाव वापरू.) येथील जागावाटपाचे नियम आपल्या गावाकडील नियमांहून निराळे, भाषा निराळी, आणि ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असा आप्तही जवळ नसतो. अशा वेळी एक वाक्य हटकून ऐकू येते : पूर्वी गुणांना किंमत होती, आता ती राहिली नाही. हे ‘पूर्वी’ म्हणजे नेमके केव्हा, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तोच प्रश्न आम्ही येथे विचारणार आहोत. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. चेपॉकच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रेसिडेन्सी कॉलेजाच्या दारापाशी आपण थोडा वेळ थांबलो तरी पुरे आहे.

या शहरात नवी विद्या शिकावयास आलेला सर्वांत प्रसिद्ध असा जुना मराठी विद्यार्थी म्हणजे तंजावरचे सरफोजी महाराज दुसरे. गादीचा तंटा चालू असताना त्यांच्या जिवाची काळजी वाटून जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांनी त्यांना १७९३ साली मद्रासला आणविले. तेथे गेरिक नावाच्या दुसऱ्या पाद्र्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ साली ते गादीवर बसले आणि पुढे सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहास त्यांनी जे वैभव आणले ते सर्वविश्रुत आहे. त्या काळी महाविद्यालय नव्हते, परीक्षा नव्हती, प्रवेशाचा अर्जही नव्हता. विद्या मिळावयाची ती एखाद्या आश्रयदात्याच्या कृपेने, आणि ती कृपा राजपुत्रावर होणे साहजिकच होते. ज्यास आपण आज प्रवेश म्हणतो त्याचे हे पहिले रूप होय.

आश्रयाच्या जागी संस्था यावयास आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षे लागली. १८३९ साली मद्रासच्या सुमारे सत्तर हजार रहिवाशांच्या सह्यांचा एक अर्ज, सरकारी वकील जॉर्ज नॉर्टन यांच्या पुढाकाराने, गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांना सादर झाला. आम्हांस इंग्रजी विद्या हवी, वरच्या दर्जाचे विद्यालय हवे, अशी त्यात मागणी होती. या अर्जाचे फळ म्हणून एग्मोर भागातील एका भाड्याच्या घरात शाळा सुरू झाली, केंब्रिजचे गणिती एअर बर्टन पॉवेल हे तिचे मुख्य झाले आणि १८४१ साली वरच्या वर्गांचे हायस्कूल उघडले. हेच पुढे १८५५ साली प्रेसिडेन्सी कॉलेज झाले.

या हायस्कुलात अगदी आरंभी दाखल झालेल्या मुलांत कुंभकोणमचा एक मराठी मुलगा होता. तंजावरकर देशस्थ घराण्यातील हा मुलगा १८२८ साली जन्मलेला, म्हणजे तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा. तेच पुढील काळातील राजा सर टी. माधवराव. पॉवेल यांच्या हाताखाली त्यांनी गणित व पदार्थविज्ञान यांत प्रावीण्य मिळविले, १८४६ साली विद्यालयाची सर्वोच्च परीक्षा सन्मानाने पार केली आणि त्यानंतर अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. आमच्या वाचकांपैकी अनेकांना त्या खात्याची ओळख करून देण्याची गरज नाही. तेथून १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून ते गेले आणि मग त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली.

माधवरावांच्या बुद्धीविषयी कोणासही शंका नाही. तथापि त्या दारातून ते आत कसे गेले हे पाहिले पाहिजे. त्यांचे वडील आणि चुलते या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केली होती. घरात दप्तर होते, हिशेब होता, दरबारी भाषा होती. इंग्रजीचे मोल काय हे त्या घरास इतरांच्या एक पिढी आधी कळले होते. मद्रासला मुलगा ठेवण्याची ऐपत होती. त्याच वर्षी कावेरीकाठच्या एखाद्या कुळाच्या किंवा विणकराच्या घरी तितक्याच तल्लख बुद्धीचा मुलगा असेलही. पण एग्मोरच्या त्या घराचा पत्ता त्याला कोण सांगणार? दार उघडे होते खरे, पण ते दिसण्यासाठी ज्या उंचीवर उभे राहावे लागते, ती उंची काही थोड्या घरांनाच लाभली होती.

५ सप्टेंबर १८५७ रोजी मद्रास विद्यापीठाचा कायदा झाला आणि या दाराला नवे कुलूप बसले : परीक्षा. मॅट्रिक, मग एफ. ए., मग बी. ए., अशी पायऱ्यांची उतरंड ठरली. मुंबई आणि कलकत्ता येथेही त्याच साली हेच झाले. परीक्षेचा एक मोठा गुण असा की ती नाव, गाव, घराणे विचारीत नाही. मद्रास विद्यापीठाचे पहिले दोन पदवीधर, दामोदरम् पिळ्ळै आणि विश्वनाथ पिळ्ळै, हे दोघेही समुद्रापलीकडील जाफन्याचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. म्हणजे या विद्यापीठाच्या पदवीधरांची यादीच मुळी परदेशस्थांनी सुरू झाली. बाहेरून आलेल्यास येथे जागा आहे किंवा नाही, असे आपण चिंतेने विचारतो, तेव्हा या यादीचा आरंभ आठवावा.

कॉलेजाची आजची तांबडी इमारत १८७० सालची. ती रॉबर्ट चिझम या स्थापत्यकाराने बांधली आणि ड्यूक ऑफ एडिंबरो यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. जवळच असलेले विद्यापीठाचे सीनेट हाउस हीही त्याचीच कृती. याच चिझमने पुढे बडोद्यास कॉलेजाची घुमटदार वास्तू उभारली. १८८१ साली बडोदा कॉलेज निघाले तेव्हा तेथील दिवाण होते मद्रासच्या हायस्कुलाचे जुने विद्यार्थी माधवराव. एका दारातून आत गेलेला माणूस दुसऱ्या गावी जाऊन दुसरे दार उघडण्यास हातभार लावतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. त्याच बडोदे संस्थानचे अधिपती सयाजीराव यांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना अमेरिकेस जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, हे मराठी वाचकास सांगावयास नकोच.

आता परीक्षेच्या कुलपाची दुसरी बाजू पाहू. माधवरावांच्याच कुंभकोणमात एका कापडदुकानातील कारकुनाचा मुलगा वाढला. श्रीनिवास रामानुजन् त्याचे नाव. १९०४ साली तो कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती घेऊन शिरला, पण गणिताखेरीज अन्य विषयांत लक्ष लागेना म्हणून शिष्यवृत्ती गेली. १९०६ साली मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात त्याने पुन्हा नाव घातले, एफ. ए. च्या परीक्षेस तो दोनदा बसला आणि दोनदा नापास झाला. १९१२ साली मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर तो कारकून झाला. पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. केंब्रिजहून हार्डी यांचे पत्र आले आणि १९१३ च्या मे महिन्यापासून मद्रास विद्यापीठाने त्यास दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. ही शिष्यवृत्ती नियमाने फक्त उच्च पदवीधरास मिळावयाची; रामानुजन्जवळ साधी एफ. ए. ही नव्हती. विद्यापीठाने नियम बाजूस ठेविला.

गुणांना किंमत असलेले ते ‘पूर्वी’ म्हणजे हाच काळ, असे कोणी म्हणेल तर त्यास आमचा एवढाच प्रश्न आहे : शतकातील सर्वांत मोठ्या गणितबुद्धीला जी परीक्षा दोनदा बाहेर ठेवते, ती गुण मोजत होती की सवय? ज्याला सर्व विषय थोडेथोडे सांभाळून, ठरल्या वेळात, ठरल्या भाषेत, ठरल्या रीतीने लिहावयाची सवय आहे त्याला ती पास करी. ही सवय कमी मोलाची नाही. राज्यकारभार तिच्यावरच चालतो आणि आपल्यापैकी बहुतेकांची पोटेही तिच्यावरच भरतात. परंतु तिलाच गुणवत्ता असे संपूर्ण नाव देणे योग्य होणार नाही.

याचा अर्थ या दाराच्या आत काही मोठे घडत नव्हते असा मात्र मुळीच नाही. १९०३ हे साल घ्या. त्या वर्षी विशाखापट्टणहून चंद्रशेखर वेंकट रामन् नावाचा मुलगा बी. ए. च्या वर्गात बसावयास आला. वय चौदा-पंधरा, अंगकाठी लहान. हा खरोखरच या वर्गातला का, असा प्रश्न प्राध्यापकांना पडला. दुसऱ्याच वर्षी तो विद्यापीठात पहिला आला. १९०६ साली, एम. ए. चा अभ्यास चालू असताना, प्रकाशाच्या विवर्तनावरील त्याचा पहिला निबंध लंडनच्या नियतकालिकात छापून आला. आणि मग? मग तो वित्तखात्याची परीक्षा देऊन १९०७ साली कलकत्त्यास सहायक अकाउंटंट जनरल झाला. दहा वर्षे त्याने हिशेब तपासले व सकाळ-संध्याकाळ प्रयोग केले. १९१७ साली नोकरी सोडून तो प्राध्यापक झाला. त्याच १९०३ साली कुंभकोणमहून तमिळचे पंडित उ. वे. स्वामिनाथ अय्यर हे प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवावयास आले. त्यांच्यापाशी कोणतीही इंग्रजी पदवी नव्हती. होती ती ताडपत्रांतून हुडकून काढलेली प्राचीन तमिळ काव्ये. एकाच वर्षी एकाच दारातून विज्ञानाचा भावी नोबेल मानकरी विद्यार्थी म्हणून आला आणि पदवी नसलेला महापंडित शिक्षक म्हणून आला. संस्था मोठी होते ती अशा आगमनांनी.

किनाऱ्यावरील विद्यार्थिजीवनाचा विचार करताना आणखी एका मुलाची आठवण होते, आणि ती आपल्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हा रामन् यांचा पुतण्या. त्याचे वडील रेल्वेच्या हिशेबतपासणी खात्यात. त्यांची नेमणूक लाहोरास असल्यामुळे मुलाचा जन्म १९१० साली लाहोरात झाला. बदलीच्या संसारात बारा वर्षांपर्यंत त्याचे शिक्षण घरीच झाले. मग मद्रासला ट्रिप्लिकेनचे हिंदू हायस्कूल आणि १९२५ पासून प्रेसिडेन्सी कॉलेज. मुलाने सनदी नोकरीत जावे अशी वडिलांची इच्छा, मुलाचा ओढा गणिताकडे. तडजोड म्हणून त्याने पदार्थविज्ञान घेतले आणि गणिताच्या वर्गांत तो जाऊन बसू लागला. १९२८ साली जर्मन शास्त्रज्ञ सॉमरफेल्ड मद्रासला आले, तेव्हा हा अठरा वर्षांचा विद्यार्थी त्यांना जाऊन भेटला. तू जे शिकलास ते सारे आता जुने झाले, असे त्याला कळले. निराश होण्याऐवजी तो नव्या पुंजविज्ञानाच्या मागे लागला आणि पदवी हाती पडण्यापूर्वीच त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. परगावी बदली झालेल्या हिशेबनिसाच्या मुलाचे काय होते, या प्रश्नाचे हेही एक उत्तर आहे. ललिता दोरैस्वामी, जिच्याशी पुढे त्याचा विवाह झाला, ती याच कॉलेजात, त्याच विषयात, त्याच्या मागच्या वर्गात होती.

कॉलेजासमोरील वाळवंटही एक प्रकारचा वर्गच होता. १९०७ च्या मे महिन्यात बिपिनचंद्र पाल यांची व्याख्याने ट्रिप्लिकेनच्या किनाऱ्यावर झाली आणि विद्यार्थ्यांची तेथे झुंबड उडाली. याच किनाऱ्यावरील सभेच्या मैदानास लोकांनी पुढे लोकमान्य टिळकांचे नाव दिले. मराठी अधिकारी संध्याकाळी सहकुटुंब वाळूत फिरावयास जातो, तेव्हा टिळकांच्या नावाच्या जागेवरून आपण चाललो आहोत हे त्यास ठाऊक असतेच असे नाही.

ललिताबाईंचा उल्लेख वर आला. मुलींसाठी हे दार कसे उघडले हाही इतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. मद्रास मेडिकल कॉलेजाने १८७५ साली चार स्त्रियांना प्रवेश दिला. त्यांत मेरी शार्लिब होत्या. परंतु दार उघडणे आणि आत मानाने शिकता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आठ वर्षांनी, १८८३ साली, डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेस निघालेल्या आनंदीबाई जोशी यांनी सेरामपूरच्या सभेत आपला निर्णय समजावून सांगितला, तेव्हा मद्रासच्या या कॉलेजाचा उल्लेख करून तेथील शिक्षण अपुरे आहे आणि शिकविणाऱ्यांचे मन अनुदार आहे, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. गोपाळराव जोशी हे टपालखात्यातील नोकर. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा बदल्यांच्या वाटेवरच आनंदीबाईंचे शिक्षण झाले होते. मद्रासला स्त्रियांसाठी स्वतंत्र सरकारी महाविद्यालय निघाले ते १९१४ साली. तेच पुढचे क्वीन मेरीज कॉलेज, प्रेसिडेन्सीसारखेच समुद्रकाठी. तेथून शिकून बाहेर पडलेल्या ई. के. जानकी अम्माळ यांनी १९२१ साली प्रेसिडेन्सी कॉलेजातून वनस्पतिशास्त्राची सन्मान पदवी मिळविली आणि उसाच्या संशोधनात जगन्मान्य कार्य केले.

या साऱ्या उज्ज्वल नामावळीत एक गोष्ट डोळ्यांआड होऊ देता कामा नये. १९१४ साली मद्रास विद्यापीठाचे नोंदलेले पदवीधर होते ६५०. त्यांपैकी ४५२ ब्राह्मण, १२४ ब्राह्मणेतर हिंदू आणि ७४ इतर. प्रांतात ब्राह्मणांची वस्ती शंभरात सुमारे तीन. परीक्षेने नाव-गाव विचारले नव्हते हे खरे. तरीही सत्तावन वर्षांनंतर निकाल असा लागला होता. १९१६ च्या अखेरीस ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी जाहीरनामा काढला, त्यात याच आकड्यांचा आधार होता. १९२० साली जस्टिस पक्षाचे मंत्रिमंडळ आले आणि १९२१ साली सरकारी नोकऱ्या निरनिराळ्या समाजांत वाटून देण्याचा पहिला हुकूम निघाला. १९२७ साली या वाटणीला बारांच्या फेऱ्याचे रूप आले : पाच ब्राह्मणेतर हिंदूंना, ब्राह्मण, मुसलमान आणि ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन यांना प्रत्येकी दोन, आणि दलित वर्गास एक. ही कल्पना मराठी माणसास परकी नाही. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या त्या १९०२ साली, म्हणजे मद्रासच्या एकोणीस वर्षे आधी. आणि नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत, मुलांसाठी वसतिगृहे उभी केली.

मद्रासच्या मराठी समाजाचे या काळात काय चालले होते? दिवाणगिरीचे दिवस सरले होते. माधवरावांचे कुळ मोठे असले तरी तंजावर, कुंभकोणम, कोइमतूर येथील कित्येक मराठी घरे गरिबीत होती. अशा घरांतील मुलांच्या शिक्षणासाठी १९१२ साली मद्रासला मराठा एज्युकेशन फंड स्थापन झाला. पाव शतकानंतर, १९३७ साली, या फंडाने दक्षिणेतील महाराष्ट्रीयांची माहिती देणारा एक ग्रंथही काढला. सत्तर वर्षांपूर्वी दिवाणाच्या घरातून मुलगा कॉलेजात गेला होता. आता मुलाची फी भरण्यासाठी समाजाला वर्गणी गोळा करावी लागत होती. दारातून प्रथम आत गेलेला समाजही सगळाच्या सगळा आत गेलेला नसतो, हे या फंडाने मान्य केले आणि रडगाणे न गाता काम सुरू केले.

बारांचा फेरा पुढे चौदांचा झाला, आणि सरकारी वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशासही तो लागू झाला. दर चौदा जागांपैकी सहा ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन मागासलेल्या हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन हरिजनांना, एक ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन यांना, एक मुसलमानांना. १९५० साली राज्यघटना अमलात आली तेव्हा मद्रास राज्यात चार वैद्यकीय महाविद्यालये मिळून ३३० जागा होत्या आणि चार अभियांत्रिकी महाविद्यालये मिळून ३९५. त्या वर्षी दोघांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. चंपकम् दोरैराजन् यांना वैद्यकीय शिक्षण हवे होते. ब्राह्मण म्हणून प्रवेश मिळणार नाही असे चौकशीत समजल्यावर त्यांनी अर्जही केला नव्हता. सी. आर. श्रीनिवासन् यांना इंटरमीजिएटमध्ये ऐच्छिक विषयांत ४५० पैकी ३६९ गुण होते आणि तरी अभियांत्रिकीचे दार बंद होते. उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच कायम केला : केवळ जातीच्या कारणावरून कोणा नागरिकास सरकारी संस्थेत प्रवेश नाकारता येणार नाही.

निकालाने मद्रास प्रांत ढवळून निघाला, आणि अडीच महिन्यांच्या आत, १८ जून १९५१ रोजी, घटनेची पहिली दुरुस्ती झाली. सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी खास तरतूद करण्याचा अधिकार सरकारास मिळाला. येथे आम्हांस दोन्ही बाजूंचे ऋण मान्य करावेसे वाटते. श्रीनिवासन् यांचे ३६९ गुण खरे होते आणि त्यांचे दुःखही खरे होते. प्रत्येक माणसास चौदांच्या फेऱ्यातील एक आकडा मानणे हा त्यास न्याय नव्हे. पण ६५० पैकी ४५२ हाही आकडा खराच होता, आणि त्यामागे ज्यांना कधी अर्ज करण्याचे स्वप्नही पडले नाही अशी लक्षावधी मुले होती. न्यायालयापुढे दोन माणसे उभी राहिली म्हणून ती आपल्याला दिसली. ती मुले कोणाच्याच पुढे उभी राहिली नाहीत.

मराठी माणूस या वाटणीत कोठे बसतो, हे पाहिले म्हणजे मोठी गंमत दिसते. तंजावरच्या देशस्थ घरास मागासवर्गीय सवलत लागू नाही. परंतु तमिळनाडूच्या मागासवर्गीयांच्या यादीत ब्राह्मणेतर मराठ्यांचा आणि त्यांतच नामदेव मराठ्यांचा समावेश आहे. एकाच राजाबरोबर दक्षिणेत उतरलेली, घरात एकच तंजावरी मराठी बोलणारी दोन घरे रेषेच्या दोन बाजूंस आहेत. आणि आपण, म्हणजे चार-दोन वर्षांच्या बदलीवर आलेले? आपली सोय जुन्या नियमांत निराळीच होती : १९५० च्या त्या ३३० वैद्यकीय जागांत १७ आणि ३९५ अभियांत्रिकी जागांत २१ जागा राज्याबाहेरून येणाऱ्यांसाठी राखल्या होत्या. म्हणजे ज्यास आपण राखीव जागा म्हणून नावे ठेवतो, तिच्यातील एक लहानसा वाटा आपल्यासाठीही होता.

त्यानंतर नियम पुष्कळदा बदलले. लोकसंख्येच्या प्रमाणात जिल्हावार वैद्यकीय जागा वाटण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रद्द ठरविली. राखीव जागांचे प्रमाण वाढत ६९ टक्क्यांवर गेले आणि १९९४ साली त्या कायद्यास घटनेच्या नवव्या परिशिष्टात स्थान मिळाले. व्यावसायिक शिक्षणक्रमांसाठी १९८४ साली आलेली राज्याची प्रवेश परीक्षा, ग्रामीण मुलांवर तिचा भार पडतो म्हणून, २००७ पासून बंद झाली. पुढे वैद्यकीय प्रवेशास अखिल भारतीय परीक्षा आली. त्यावर तोड म्हणून २०२० साली राज्याने सरकारी शाळांतील मुलांसाठी साडेसात टक्के जागा ठेवल्या. दुसरीकडे १९५९ साली गिंडीच्या रानात उघडलेली आय. आय. टी. आणि १९६३ पासून निघालेल्या केंद्रीय शाळा यांनी बदलीवरच्या कुटुंबांना अखिल भारतीय अशी एक निराळी वाट करून दिली. या वाटेचा सर्वांत अधिक लाभ कोणास झाला याचा प्रामाणिक हिशेब मांडला, तर आपल्या वसाहतींतील घरे त्यात वरच्या रकान्यात दिसतील.

तेव्हा, गुणांना किंमत असलेले ते ‘पूर्वी’ केव्हा होते? १७९३ साली आश्रय लागत होता, १८४१ साली घराणे व इंग्रजी, १९०६ साली सर्व विषयांची सवय, १९५० साली जात. प्रत्येक काळी दाराशी बुद्धीबरोबर आणखी काहीतरी मागितले गेले आहे. ज्याच्या घरात ते आधीच होते त्याला ते मागितल्याचे कळलेही नाही. त्यास वाटले, आपण केवळ गुणांवर आत आलो.

तमिळनाडूत २०१० पासून व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशावेळी एक दाखला पुढे आला आहे. या विद्यार्थ्याच्या घरात यापूर्वी कोणीही पदवीधर झालेले नाही, हा पहिलाच, असे त्यात महसूल अधिकारी लिहून देतात आणि शिकवणी शुल्कात सूट मिळते. हा दाखला आपल्यापैकी फार थोड्यांच्या मुलांना मिळू शकेल. आपल्या घरी पदवी कोणत्या पिढीत आली, हे एकदा मुलांसमवेत बसून मोजून पाहावे. काहींच्या घरी तिसरी, काहींच्या घरी पाचवी पिढी निघेल. आणि ज्या घरी पहिलीच असेल त्यांनी ते अभिमानाने सांगावे. प्रवेश हुकलेल्या मुलाचे दुःख या हिशेबाने नाहीसे होणार नाही, आणि व्हावे असेही नाही. पण शेजारच्या बाकावर बसलेल्या, कमी गुणांवर आत आलेल्या मुलाकडे तो कोणत्या नजरेने पाहील, हे आपण घरी काय बोलतो त्यावर ठरते. बाकी आपल्याला करता येण्याजोगे १९१२ च्या मद्रासकर मराठी मंडळींनी करून दाखविले आहेच : एखाद्या मुलाची फी भरता येते, एखाद्यास पुस्तके देता येतात, घरकामास येणाऱ्या बाईंच्या मुलीला अर्ज भरून देता येतो. अर्ज भरण्याची विद्या तर आपल्यापाशी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.